कूलरची टाकी आणि गाडीचं पोट

मार्च लागला की नागपुरात घरोघरी एक काम निघतं. जिन्याखाली पडलेला कूलर अंगणात येतो, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, आणि घरातलं कुणीतरी पत्र्याच्या टाकीत डोकं घालून मागच्या वर्षीचे पापुद्रे खरवडत बसतं. मग वरून डांबरी काळ्या रंगाचा हात. एवढं करूनही दोन-चार हंगामांनी टाकी गळतेच. गळते ती मधल्या सपाट भागातून नाही, कोपऱ्यातून. जिथं पत्रा दुमडलेला असतो, तिथून. वर काळा रंग शाबूत आणि खालचा पत्रा गायब.

गाडीच्या पोटाखालच्या कोटिंगबद्दल जे समजून घ्यायचं, त्यातलं बरंचसं या टाकीत आहे. मला ते उशिरा कळलं. नवी गाडी घेताना ‘अँटी-रस्ट’ नावाचा काळा थर मारून घेतला होता आणि त्या भरवशावर पुढची दहा वर्षं खाली वाकूनही पाहिलं नाही. अकराव्या वर्षी भलत्याच कामासाठी गाडी लिफ्टवर चढली, तेव्हा मिस्त्रीनं दाराखालच्या त्या काळ्या थरात सहज नख घातलं. संत्र्याची साल सुटावी तसा थर सुटून आला आणि आतली ओलसर तांबडी भुकटी त्याच्या हातावर पडली. “दादा, वरून सारे फासून राहिले, आत पाहते कोण?” एवढंच म्हणाला तो.

गंज नेमका कुठं लागतो

खाणीत लोखंड सापडतं तेच मुळी ऑक्सिजनशी जोडलेलं. भट्टीत आपण तो ऑक्सिजन काढून घेतो, आणि संधी मिळाली की लोखंड परत मूळपदावर जायला बघतं. संधी म्हणजे पाणी आणि हवा, दोन्ही एकदम. नुसत्या कोरड्या हवेत पत्रा वर्षानुवर्षं तसाच राहतो. उकळून हवा घालवलेल्या आणि वरून तेलाचा थर दिलेल्या पाण्यातला खिळाही गंजत नाही, हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो.

शाळेत फारसं सांगत नाहीत ते हे, की गंज ही विजेची भानगड आहे. पत्र्यावरचं पाणी म्हणजे एक इवलीशी बॅटरी. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथं पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना उचलतो. वरचं पाणी हे वर्तुळ पूर्ण करतं. पाण्यात मीठ असलं की वीज जास्त सहज वाहते, म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर सडतात.

आता एक गंमत बघा. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवला, तर पट्टी कुठं खाल्ली जाईल? आपण म्हणू कडेला, कारण हवा तिथं भरपूर. होतं उलट. ऑक्सिजन भरपूर म्हणून इलेक्ट्रॉन उचलायचं काम कडेला चालतं, आणि ते पुरवायचं, म्हणजे झिजायचं काम थेंबाच्या मध्यभागाच्या गळ्यात पडतं. तांबडं कडं दिसतं बाहेरच्या बाजूला, खड्डा पडतो मध्ये.

म्हणजे सगळं ओलं असताना जिथं हवा कमी पोचते, तिथला पत्रा खाल्ला जातो. टाकीच्या दुमडीत का छिद्र पडतं, चाकावरच्या कमानीत चिकटलेल्या चिखलाखाली का पत्रा जातो, आणि माझ्या गाडीच्या तडकलेल्या काळ्या थराखाली दहा वर्षं काय चाललं होतं, या तिन्हीचं उत्तर हेच. थराला एक भेग पडली, तिच्यातून पाणी शिरलं, आत अडकलं. भेगेपाशी हवा, आत हवा नाही. यापेक्षा सोयीची जागा गंजाला मिळायची नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र काळंभोर, छान दिसत राहतं.

दुसरं एक. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं, पण ते घट्ट चिकटतं आणि आतल्या धातूला झाकतं. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो, सुटतो, आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. रंगाखाली दिसणारा फोड तो हाच. बाहेरून फोड दिसला, तर आतून काम बरंच पुढं गेलंय असं धरावं.

आपल्याकडे मीठ नाही, माती आहे

इंटरनेटवर अंडरकोटिंगचे जे व्हिडिओ सापडतात ते बहुतेक बर्फाळ मुलखातले असतात. तिथं हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि तो खारा राडा महिनोन्‌महिने गाडीच्या खाली उडत राहतो. तिथला सल्ला जशाचा तसा नागपूरच्या धरमपेठेत आणून लावायचं कारण नाही.

नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायचा वेग झपाट्यानं वाढतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवेत ओल नावालाच असते, त्या दिवसांत गाडीचं पोट जवळजवळ सुटीवर असतं. खरा मामला मृगापासून पोळ्यापर्यंत, फार तर दसऱ्यापर्यंत.

त्या चार महिन्यांत आपला शत्रू असतो चिखल. विदर्भाची काळी माती पाणी धरते, फुगते, चिकटते आणि सावकाश वाळते. कळमेश्वर, काटोल, उमरेडकडे शेतावर जाऊन आलेली गाडी दुसऱ्या दिवशी उन्हात उभी केली की बाहेरचा चिखल वाळून पांढुरका होतो, आणि मडगार्डच्या आतल्या कंगोऱ्यात, प्लास्टिकच्या लायनरमागे अडकलेला गोळा आठवडाभर आतून ओलाच राहतो. थेंबाचा तोच प्रयोग, फक्त आठवडाभर चाललेला.

शेतकऱ्यांच्या गाड्यांना एक जास्तीचा धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. डिकीतून किंवा पिकअपमधून खताची पोती जातात. पोटॅश म्हणून जे खत आपण घालतो ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ. युरियासुद्धा हवेतली ओल ओढून घेतो. फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे मॅटखाली, फळ्यांच्या फटीत पडून राहतात आणि समुद्र नसलेल्या गावात गाडीला समुद्रकाठची हवा मिळते. पोती उतरवल्यावर झाडू, मग भरपूर साधं पाणी, मग गाडी उघडी ठेवून वाळवणं. कुठल्याही कोटिंगच्या आधी हे.

आणि हो, उन्हाळ्यात गाडी कूलरच्या तोंडाशी लावत असाल तर जागा बदला. बोअरचं क्षारी पाणी आणि रात्रभर दमट हवा, हे आपणच तयार केलेलं कोकण.

कंपनी आधीच काय देते

नवी गाडी उघड्या लोखंडाची नसते. आजच्या बहुतेक गाड्यांचे बरेच पत्रे जस्त चढवलेले असतात. जस्ताचं काम समजायला पुन्हा कूलर आठवा. नव्या टाकीवर आधी पांढरी भुकटी येते, तांबडी नंतर. पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं. ते संपलं की लोखंडाची पाळी.

त्यावर फॉस्फेटचा थर. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासात दिसलं, की त्या लोखंडात फॉस्फरस बराच आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट थर तयार झाला आहे. आजच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्यानं पोलाद ठिसूळ होतं. मग फॉस्फेट बाहेरून चढवायचं. कारखान्यात अख्खी बॉडी फॉस्फेटच्या हौदातून काढतात, नंतर रंगाच्या हौदात बुडवतात आणि बॉडीला विजेचं ऋण टोक जोडतात. रंगाचे कण विजेच्या ओढीनं कानाकोपऱ्यात, पोकळ नळ्यांच्या आतही जाऊन बसतात. मग भट्टीत १६० ते १८० अंशांपर्यंत भाजतात. हा थर असतो जेमतेम २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण गॅरेजमध्ये ब्रशनं मारलेल्या कुठल्याही जाड लेपाला त्याची सर येत नाही. शिवाय पत्र्यांच्या सांध्यांवर सीलर आणि खडे लागतात त्या भागांवर पीव्हीसीचा थर असतो.

म्हणून माझं मत सांगतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या नव्या गाडीला पहिल्याच दिवशी काळा डांबरी थर फासून घेणं म्हणजे बहुतेक वेळा विक्रेत्याची कमाई. शेतशिवारात जाणाऱ्या, कच्च्या रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट वेगळी.

काय काय मारतात

सगळ्यात जास्त चालतो तो डांबर-रबराचा काळा थर. जाड असतो, खड्यांचा मार सोसतो, रस्त्याचा आवाजही कमी करतो. नवाकोरा, कोरड्या आणि स्वच्छ पत्र्यावर बसलेला असेल तर उत्तम. पण डांबर वर्षागणिक कडक होत जातं. त्यातले हलके तेलकट अंश उडतात, हवेनं ते ठिसूळ होतं. आपल्या उन्हाळ्यात मऊ, हिवाळ्याच्या पहाटे कडक, अशा ओढाताणीत कधीतरी तडा जातो. पुढचं मिस्त्रीच्या नखानं सांगितलंच आहे. असा थर मारला तर दरवर्षी लिफ्टवर चढवून टोचून बघायची तयारी हवी. पोकळ वाजला, सुटला, तर तेवढा भाग काढून पुन्हा करायचा. ‘एकदा मारलं की दहा वर्षं बघायला नको’ असं जो सांगेल त्याच्याकडे मारूच नये.

मेणाचा लेप दिसायला तितका मर्दानी नाही. मऊ राहतो, हाताला लागतो, धूळ धरतो. पण मऊ असल्यामुळेच तो तडकत नाही आणि बारीक ओरखडा स्वतःच भरून काढतो. मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून केलेला लॅनोलिनचा लेप याच जातीचा. हे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मारावे लागतात, कारण वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप ते उडवतो. नागपूरच्या गाडीला एकच काही करायचं असेल तर मी मेण निवडेन, आणि तेही बाहेरून कमी, आतून जास्त.

आतून म्हणजे कुठं? गाडीची ताकद पोकळ डब्यांत असते. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांच्यासारख्या गाड्यांना खाली वेगळी शिडीसारखी चेसी असते. स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांत वेगळी चेसी नसते, बॉडीच घड्या घालून मजबूत केलेली असते. दाराखालून जाणारा डबा, डिकीखालचे आडवे दांडे, चेसीच्या दोन लांब पट्ट्या, सगळं आतून पोकळ. त्यात धूळ जाते, पाणी जातं, आणि खालच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडतं. चेसीचा गंज बऱ्याचदा आतून सुरू होतो. बाहेरून कितीही फासा, तो आत आपलं काम करत राहतो. पोकळीसाठी लांब बारीक नळी येते, तिच्या टोकाला चारी बाजूंनी फवारणारा नोझल असतो. तीच भोकातून आत घालून पातळ मेण फवारायचं, म्हणजे ते सांध्यांत शिरून थांबतं. गॅरेजवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की पोकळीत मारायची नळी आहे का. नसेल तर तो फक्त दिसणाऱ्या जागा काळ्या करणार.

निचऱ्याची भोकं मात्र उघडी राहिली पाहिजेत. जाड कोटिंगनं ती बुजली की दाराखालचा डबा म्हणजे कूलरची टाकीच. पावसातून आल्यावर दार उघडताना आत पाणी खळखळलं, तर आगपेटीच्या काडीनं दाराच्या खालच्या कडेची भोकं मोकळी करा. काम दोन मिनिटांचं आहे.

जुन्या ड्रायव्हर मंडळींचा उपाय म्हणजे धुतल्यावर खालून काळं ऑइल नाहीतर डिझेल फवारणं. तत्त्व चुकीचं नाही, तेल पाण्याला हटवतं. पण इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि घाण असते, आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशना खनिज तेल मानवत नाही. ती फुगतात, मऊ पडतात. शिवाय थेंब थेंब गळून ते अंगणाच्या मातीत जातं, कदाचित विहिरीतही.

गंज आधीच लागला असेल तर कन्व्हर्टर नावाचं रसायन मिळतं. त्यात टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असतं, ते तांबड्या गंजाचं काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर करतं. फक्त ते पोचतं वरच्या पातळ थरापर्यंत. पापुद्रे आलेल्या गंजावर ओतून उपयोग नाही. आधी तारेच्या ब्रशनं धातूपर्यंत घासायचं, मग कन्व्हर्टर, मग एपॉक्सी किंवा जस्ताचा प्रायमर, मग वरचा थर. पत्र्याला छिद्रच पडलं असेल तर तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर काळं मारणं ही शुद्ध फसवणूक. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो.

कधी आणि कसं

मे महिना. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, असो नसो, मृगाच्या आधी. कोटिंग बसतं की सुटतं हे डब्यावरच्या नावापेक्षा पत्रा कोरडा होता की नाही यावर ठरतं. जुलैत धुतलेली गाडी हाताला कोरडी लागते, पण सांध्यांत पाणी असतं आणि थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल धरलेली असते. औद्योगिक रंगकामात नियम आहे, की धातूचं तापमान दव पडायच्या तापमानापेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. मे महिन्यात नागपुरात हा नियम न पाळणंच अवघड. फक्त काम सकाळी करून घ्यावं, भर दुपारच्या तापल्या पत्र्यावर फवारलं तर पातळ करणारं द्रावण बसायच्या आधीच उडून जातं.

सकाळी धुऊन दुपारी कोटिंग मारून संध्याकाळी गाडी देणाऱ्यापासून लांब राहा. आदल्या दिवशी चाकं आणि लायनर काढून धुणं, रात्रभर वाळवणं, दुसऱ्या दिवशी मारणं, एवढा वेळ लागतोच. आपण समोर उभं राहावं. काय झाकलंय ते बघावं. ब्रेकच्या डिस्क, रबरी होस, चाकांजवळचे सेन्सर, ॲक्सलचे रबरी बूट, ऑइल काढायचा नट, यांच्यावर एक थेंबही नको. सायलेन्सरवर तर मुळीच नको. डांबर तापून धूर निघतो, पेटूही शकतं.

सायलेन्सरचं दुखणंच निराळं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. घरून इतवारी आणि परत, एवढाच फेरा असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफ आतच थंड होते आणि तो आतून सडतो. बाहेरच्या लेपाचा त्याला काय उपयोग? आठवड्यातून एकदा वर्धा रोडला पाऊण तास सलग चालवा, आतलं पाणी निघून जाईल.

लिफ्टवर गाडी असेपर्यंत आणखी एक बघून घ्या. ब्रेकचं तेल नेणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या पोटाखालूनच जातात, आणि क्लिपांमागे चिखल धरतो. दाराखालचा पत्रा सडला तर खर्च येतो, ही नळी सडली तर ब्रेक जातो. नळीवर पापुद्रे दिसले तर लेप-बिप काही नाही, नळी बदला.

सेकंडहँड गाडी घेताना खालून सगळं नुकतंच काळं केलेलं दिसलं, तर मला आनंद होत नाही, शंका येते. मुंबई-कोकणात राहिलेल्या गाड्या इकडे विकायला येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्याही कुठंतरी फिरत असतीलच. अशा गाडीचं मॅट उचलून सीटचे रूळ आणि बोल्ट बघा. तिथं गंज यायला गाडीत पाणी भरावं लागतं. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यातली माती बघा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दाराखालच्या डब्यावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ठोकत जा. खणखणीत वाजलं तर भाव बोलायला बसा. मध्येच कुठं आवाज बसका झाला, तर तिथं लांबी आहे नाहीतर नुसता लेप, आणि मालकाला ते ठाऊक आहे.